रस्त्याच्या अलीकडून

४ जून

काका,

बातमी आहे, म्हणून तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

संस्थेचं एक ‘मोकळं घर’ आहे, मागे एकदा तुम्हाला लिहिलं होतं. बाजारामागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. चार बायका राहतात. आपलं आपण रांधतात, कामावर जातात, आणि दाराची किल्ली प्रत्येकीकडे. किल्ली, काका! मला इथे येऊन चार वर्षं झाली, या चार वर्षांत मी एकही दार आतून उघडलेलं नाही. इथे कडी बाहेरून असते. न्हाणीघराचीसुद्धा.

तिथली एक बाई बहिणीकडे कायमची राहायला चाललीय. म्हणजे एक जागा. सप्टेंबरात भरणार. इथून दोन नावं आहेत. एक माझं, दुसरं शेजारच्या खाटेवरच्या इस्त्रीवाल्या बाईंचं. (आजारी पडायच्या आधी त्यांची लाँड्री होती. अजून झोपण्यापूर्वी उशीच्या अभ्र्यावरून हाताने इस्त्री फिरवतात.)

अट एकच. फाटकातून एकटीने बाहेर पडायचं, समोरचा रस्ता ओलांडायचा, बेकरीतून एक पाव घ्यायचा, परत यायचं. अशा दहा फेऱ्या. फाटकावरचे दादा वहीत लिहितात: कधी गेली, कधी आली, कशी गेली. ऑगस्ट संपेपर्यंत दहा फेऱ्यांपुढे ‘ठीक’ पडलं पाहिजे.

इस्त्रीवाल्या बाईंच्या चार झाल्या. माझी एकही नाही.

मला रस्ता दिसत नाही, काका. घाबरू नका, डोळे शाबूत आहेत. पण कडेला उभी राहिले की एक चाक येतं. चाकाला लागलेला चिखल दिसतो, चिखलात रुतलेली काडी दिसते. मग एक आरसा. आरशात अर्धं झाड. मग कोणाच्या तरी बाहीची दुमड. हे सगळं मिळून एक टेम्पो आहे आणि तो माझ्या दिशेने येतोय, हे डोक्यात जुळेपर्यंत टेम्पो निघून गेलेला असतो. मग पुढचं चाक. काल चाळीस मिनिटं उभी होते. दादा म्हणाले, “ताई, सावली बघून उभ्या राहिलात, तर तीसुद्धा कंटाळून सरकली.”

तुम्ही आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलीत. नजर कशी लावायची हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? सांगा.

तुमची,
खारू

—

११ जून

चिरंजीव खारू,

तुझं पत्र वाचलं आणि गुडघ्यांना न विचारता ताडकन उठलो. मग त्यांनी माझी चांगली हजेरी घेतली, ते सोड. सूनबाई म्हणाली, “बाबा, लॉटरी लागली का?” म्हटलं, त्याहून मोठं आहे, आमच्या खारीला किल्ली मिळणार आहे.

आता ऐक. मी शाळा सातवीत सोडलेला माणूस. पुढचं जे काही शिकलो ते दुकानाच्या फळीमागे बसून आणि रद्दीतली पुस्तकं वाचून. त्यामुळे स्किझोफ्रेनिया वगैरे तुझ्या डॉक्टरांच्या ताब्यात. पण नजरेचं म्हणशील तर त्यात मी मुरलेला आहे.

आमच्या धंद्यात एकच मंत्र, एकाग्रता. डोळ्याला भिंग लावलं की जगात एक चाक उरतं आणि मुंगीच्या डोक्याएवढा एक स्क्रू. समोर गिऱ्हाईक कितीही बडबडो, मला पत्ता नसायचा. (आता भिंग न लावताही ऐकू येत नाही. मागच्या महिन्यात तुमच्या मोठ्या डॉक्टरांचा फोन आला तर मी नुसता “अं? अं?” करत बसलो. शेवटी सूनबाईने हातातून काढून घेतला.) तुझं दुखणं काय, तर लक्ष भरकटतं. चाकावर जातं, काडीवर जातं, बाहीवर जातं. त्याला एका खुंटीला बांध.

बेकरीला पाटी असेलच. तिच्यावरचं पहिलं अक्षर धर. ‘बे’. त्याची मात्रा, त्याचं पोट, नीट बघून ठेव. डोळे तिथे रोव. चाक, चिखल, आरसा, कशाला भीक घालायची नाही. आणि सुईत दोरा जावा तशी सरळ त्या ‘बे’कडे चालत सुट.

करून बघ आणि कळव. यायचं फार मनात आहे गं, पण गुडघे.

आशीर्वाद आहेतच, ते काही संपत नाहीत.

काका

—

२ जुलै

खारू,

तीन आठवडे झाले. रुसलीस का? की दहा फेऱ्या मारून थेट नव्या घरी जाऊन बसलीस आणि म्हाताऱ्याला विसरलीस? तसं असेल तर खुशाल विसर.

पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणतो. सूनबाई म्हणते, “संस्थेत फोन करू का?” मी नको म्हणतो. का, ते मला नीट सांगता येत नाही. फोन केला की काहीतरी कळेल, अशी भीती वाटते.

दोन ओळी टाक. एक टाकलीस तरी चालेल.

काका

—

६ जुलै

आदरणीय काका,

मी संस्थेत व्यवसायोपचार बघते, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः जमावीत यासाठीचा सराव. खारू मला ताई म्हणते. तिच्या परवानगीने लिहीत आहे. प्रथम हे सांगते की ती सुखरूप आहे. कोपर खरचटलं होतं, ते भरून आलं.

१८ जूनला ती फाटकातून बाहेर पडली आणि बेकरीच्या पाटीकडे बघत सरळ रस्त्यात चालत गेली. डावीकडून टेम्पो येत होता. हॉर्न वाजला, माणसं ओरडली, पण ती थांबली नाही. फाटकावरच्या दादांनी धावत जाऊन दंड धरून ओढलं. दोघंही पडले. त्यानंतर दोन आठवडे तिची फेरी बंद होती आणि ती कोणाशी बोलत नव्हती. काल तुमचं पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “काकांना सांगा, मी ‘बे’ सोडला नव्हता.”

काका, तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. सगळेच असं समजतात की या आजारात लक्ष भरकटतं. तसंही होतं. पण खारूच्या बाबतीत मला बरेचदा उलट दिसतं. तिचं लक्ष अरुंद होतं आणि जिथे पडतं तिथे रुतून बसतं. मी तिला एक कागद दाखवते. त्यावर शेकडो छोट्या रेघा विखुरलेल्या असतात आणि त्यातल्या काहींचं मिळून एक वर्तुळ होतं. तुम्हाला मला ते वर्तुळ आपोआप दिसतं. तिला रेघा दिसतात, एकेक, अतिशय स्पष्ट. दुसरा कागद असा की करड्या ठिपक्याच्या भोवती भडक नक्षी असते. त्या नक्षीमुळे आपल्याला ठिपका आहे त्याहून फिका वाटतो. तिथे आपण फसतो, ती बरोबर उत्तर देते. म्हणजे तिची नजर आपल्याहून वाईट आहे असं नाही. तुकडे जोडून देण्याचं जे काम आपले डोळे न सांगता करतात, ते तिला हाताने केल्यासारखं करावं लागतं. हा आजार असलेल्या प्रत्येकाचं असंच असतं असंही नाही. ही खारूची गोष्ट.

तिला आधीच भिंग लावल्यासारखं दिसतं. तिला ते काढायला शिकवायचं आहे. आम्ही प्रयत्न करत आहोत. १५ तारखेपासून मी बाळंतपणाच्या रजेवर जाते आहे, तेवढी एक अडचण.

तुमची पत्रं ती उशीखाली ठेवते. लिहीत राहा.

ताई

—

१२ जुलै

खारू,

मी तुला गाडीखाली पाठवलं. याहून सोप्या शब्दांत मला लिहिता येत नाही.

जन्मभर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला तीच उचलून तुझ्या हातात दिली. तुला हवी का, तुला सोसेल का, विचारलंच नाही. शिकलेला माणूस निदान पुस्तक उघडून बघतो. स्वतःच्या हिकमतीवर शिकलेल्याला वाटतं, आपलं कुलूप उघडलं त्या किल्लीने जगातली सगळी उघडतील.

आता दुसरं. हे चार वर्षं पोटात ठेवलंय. गुडघ्यांचं मी खोटं सांगतो. दुखतात, पण बसमध्ये चढण्याइतके ते अजून माझे आहेत. तू तिथे गेलीस त्या पहिल्याच महिन्यात मी आलो होतो, आठवतं? भेटीच्या खोलीत मधे लांब टेबल होतं. मी अर्धा तास बोलत होतो आणि तू माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाहीस. सदऱ्याकडे बघत होतीस. पापणी न हलवता. मला वाटलं, तू मला ओळखलंच नाहीस. काकू जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. म्हटलं, ही पण गेली. बसस्टॉपवर इतका रडलो की एका बाईने मला जागा करून दिली. पुन्हा यायचा धीर झाला नाही. पत्रात तू मला ओळखायचीस, म्हणून पत्रातच राहिलो.

रागावलीस तर रागाव, पण लिहून रागाव.

काका

—

२१ जुलै

काका,

तिसरं बटण.

त्या दिवशी तुमच्या सदऱ्याची सगळी बटणं पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली होती आणि तिसरं निळ्या. टाके एकावर एक, गाठ वरच्या बाजूला. काकूने शिवलं असतं तर गाठ दिसली नसती. म्हणजे काकू गेल्यावर ते तुटलं आणि तुम्ही एकट्याने बसून, मिळेल तो दोरा घेऊन, शिवलंत. मी अर्धा तास तेच बघत होते. मला काकूबद्दल काही म्हणायचं होतं आणि बटणावरून नजर उचलली असती तर ते निसटलं असतं. मग तुम्ही उठून गेलात.

तुम्हाला ओळखलं नाही? त्या खोलीत तुम्हाला माझ्याइतकं कोणी पाहिलंच नव्हतं.

रागावले होते. आता नाही.

आता रस्त्याचं ऐका. फेरी पुन्हा सुरू झालीय. पहिले तीन दिवस नुसती उभी. चौथ्या दिवशी दादांनी फाटकातून हाक मारली, “ताई, काय येतंय?” मी म्हणाले, “चाक.” ते म्हणाले, “नुसतं चाक कसं येईल? कोणाचं चाक?” मी मोठ्याने म्हणाले, “स्कूटरचं.” आणि काका, तोंडातून ‘स्कूटर’ म्हटल्याबरोबर चाक, आरसा, हात, सगळं धावत येऊन एका जागी बसलं. स्कूटर झाली! मग म्हणाले, “येतेय.” तर ती यायला लागली. “गेली.” गेली.

तेव्हापासून मी बोलते. “ट्रक. लांब आहे. थांबलाय. सायकल. येतेय. गेली. आता रिकामं. चल.” आधी मोठं नाव, मग बाकीचं. मनातल्या मनात म्हटलं तर जमत नाही, पुन्हा काडी दिसायला लागते. आवाज कानावर पडावा लागतो. असं बोलत बोलत मी काल पलीकडे गेले. पाव घेतला. बेकरीवाला म्हणाला, “तुमच्याकडच्या बायका इतका पाव नेतात, पण आनंदात नेणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

पाव पाठवता येत नाही, म्हणून हे.

तुमची,
खारू

—

९ ऑगस्ट

काका,

तुम्ही रविवारी येऊन गेलात आणि सोमवारी हे झालं. बरं झालं तुमच्यासमोर नाही झालं.

तुम्ही स्वतः कडेला उभं राहून पाहिलंत ना, मी गेले आणि आले? त्या आधीच्या पाचही फेऱ्या तशाच झाल्या. पण मी ओलांडायला लागले तेव्हापासून दादांच्या जागी दुसरे पहारेकरी होते. त्यांनी वहीत काय लिहिलं ते मला सोमवारी वाचून दाखवलं. “रस्त्यात स्वतःशी बोलत होती.” पाच दिवस, पाच वेळा, एकाच अक्षरात.

इथे ‘स्वतःशी बोलते’ याचा एकच अर्थ असतो. डॉक्टर म्हणाले, आवाज परत सुरू झाले वाटतं. म्हटलं, नाही, तो माझाच आवाज आहे. ते म्हणाले, “सगळे तसंच म्हणतात.” गोळी वाढवली. ताई रजेवर आहेत, त्यांची नोंद फाईलमध्ये कुठेतरी आहे, ती काढायला वेळ कोणाला?

आता अशी गंमत आहे. बोलले तर आजारी. नाही बोलले तर रस्त्याच्या कडेला दगड. दोन्हीकडून वही माझ्या नावाने भरते. वाढलेल्या गोळीने दुपारभर झोप येते, खिडकीचे गज मोजायला घेते आणि सहाव्यानंतर कितवा ते विसरते.

‘ठीक’ एकही नाही. इस्त्रीवाल्या बाईंच्या नऊ झाल्या.

खारू

—

१३ ऑगस्ट

खारू,

रविवारचं आधी. तू या खेपेला माझ्या कानाकडे बघत होतीस आणि मी तो नीट बघता यावा म्हणून मान वळवून बसलो होतो. टेबलापलीकडचा एकजण मला मानेचा रोगी समजला असणार. समजू दे.

आता कामाचं. परत जाताना बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. सबंध वाटभर एकटेच बोलत होते. हातवारे काय, “नाही म्हणजे नाही!” काय, हसणं काय. शेजारची बाईही बोलत होती. मागचा तरुण तर भांडत होता. तिघेही आपापले, आणि कोणाच्या कपाळावर आठी नाही. का? तिघांच्याही कानाला फोन होता!

माझ्या टाळक्यात घंटा वाजली. गोळी तुला आणि बसचं तिकीट यांना, एवढाच काय तो फरक.

सोबत माझा जुना फोन पाठवतोय. बॅटरी फुगली होती, ती काढून टाकलीय, कार्डही नाही. पण बाहेरून दिसायला एकदम ठणठणीत. फोन ठेवायला तुम्हाला मनाई नाही, असं तूच सांगितलंस. कडेला उभी राहिलीस की कानाला लाव आणि तुझा ट्रक, सायकल, जे काय असेल ते खुशाल म्हण. कोणी विचारलं तर सांग, काकांशी बोलतेय. हे काही अगदीच खोटं नाही, मी इकडे तेवढ्या वेळात तुझाच विचार करत असेन.

लबाडी आहे, मान्य. पण निरुपद्रवी आहे.

काका

—

२७ ऑगस्ट

काका,

नऊ!

फोन कानाला लावते आणि बोलते. “काका, बस आली. उभी राहिली. काका, आता रिकामं आहे, चला.” लोक वाट देतात. एका आजींनी मला खुणेने सांगितलं, आधी रस्ता बघ, फोन नंतर. नवे पहारेकरी वहीत लिहितात, “काकांशी फोनवर बोलत गेली. ठीक.” ठीक, काका, ठीक. गोळीची झोपही जरा उतरलीय.

इस्त्रीवाल्या बाईंच्या दहा कधीच झाल्या. पण त्यांना किल्ली मिळेल या विचारानेच आता धडकी भरते. रोज विचारतात, “कुलूप आतून लावायचं म्हणजे नेमकं काय करायचं?” डॉक्टर म्हणाले, दोघींच्या दहा झाल्या तर मी दोघींना बोलावून ठरवेन.

परवा दहावी.

खारू

—

४ सप्टेंबर

खारू,

संस्थेचा फोन सूनबाईने घेतला, तेव्हा मी समोरच होतो. तिचा चेहरा बघूनच समजलो.

मी किती गाढव आहे हे मला या वयात इतक्या वेळा कळावं, याचं नवल वाटतं. डॉक्टर वही चाळत होते, “काकांशी फोनवर बोलते” वाचलं, आणि त्यांना आठवलं की या काकांना फोनवर एक अक्षर ऐकू येत नाही! “अं? अं?” करणारा काका रोज पुतणीशी बोलतो कसा? म्हणून त्यांनी तुझा फोन मागवला आणि मागचं झाकण उघडलं. आत काहीच नाही.

रिकाम्या फोनवर बोलणारी बाई. मी तुला एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात घातलं, आणि दुसरा जास्त खोल खणला. तुझ्या दहाही फेऱ्या रद्द, आणि आता तर वॉर्डाबाहेरच सोडायचं नाही, असं सूनबाईला सांगितलं म्हणे.

डॉक्टरांना कालच पत्र टाकलंय. कट माझा, फोन माझा, भ्रम कुणाचाच नाही, असं स्वच्छ लिहिलंय. ताईंच्या पत्राची नक्कलही जोडली. पण पत्र पोचायच्या आधी तुला त्यांच्या खोलीत बोलावतील आणि विचारतील, कोणाशी बोलत होतीस? खारू, माझं नाव घेऊ नकोस. “काकांशी” म्हणालीस की संपलं. काय म्हणायचं ते मला सुचत नाही. या वेळी सल्ला देत नाही. माझ्याकडे चांगला उरलेला नाही.

काका

—

१९ सप्टेंबर

काका,

तुमचं पत्र पोचलं, डॉक्टरांचंही पोचलं. पण तुम्ही म्हणालात तसंच झालं, मला आधीच बोलावलं होतं.

टेबलावर फोन पालथा ठेवला होता, झाकण बाजूला. डॉक्टरांनी विचारलं, “कोणाशी बोलत होतात?”

मी म्हणाले, “स्वतःशी. मुद्दाम.”

“मुद्दाम म्हणजे?”

“म्हणजे रस्ता जोडायला.” मग सगळं सांगितलं. चाक, आरसा, ‘स्कूटर’ म्हटल्यावर काय होतं ते. फोन कशासाठी तेही. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत होते. टोपणाच्या कडेला दाताच्या खुणा होत्या, पण मी नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, या वेळी तरी बघावं.

चार दिवसांनी तुमचं पत्र आणि ताईंच्या पत्राची नक्कल वाचून ते स्वतः आले. म्हणाले, चला रस्त्यावर. मी बोलत बोलत पलीकडे गेले, बोलत बोलत परत आले. ते म्हणाले, “छान. आता न बोलता.”

मी म्हणाले, न बोलता नाही येत. मग त्यांनी शांतपणे समजावलं. माणूस वाईट नाही, काका. मोकळ्या घरात मागे एक बाई जिन्यात स्वतःशी बोलायच्या, तर शेजाऱ्यांनी सह्यांचा कागद दिला होता. पुन्हा तसं झालं तर घरच बंद करावं लागेल. म्हणून तिथे जाणारीला बाहेर गप्प राहता आलं पाहिजे. “एकदाच करून दाखवा. मी शेजारी आहे. फक्त ओठ मिटून.”

मी ओठ मिटले. एक चाक आलं. चाकावर वाळलेलं पान. मग एक दांडी. मग करडं काहीतरी, त्यावर ओरखडा. डॉक्टर माझ्या ओठांकडे बघत होते. डोळ्यांत प्राण आणून बघत होते, हलतात की काय. तसं बघता बघताच त्यांनी माझं कोपर धरलं आणि पाऊल रस्त्यावर टाकलं.

मी ओरडले, “मोटरसायकल! मागे!” आणि त्यांना बाहीला धरून ओढलं. मोटरसायकल त्यांच्या खिशातल्या पेनाला वारा घालून गेली.

आम्ही दोघं कडेला उभे. ते पांढरेफटक पडले होते. म्हणाले, “मला दिसलीच नाही.”

मी म्हणाले, “तुम्ही माझ्याकडे बघत होतात.”

त्यांनी खिशातलं पेन सरळ केलं. “पण तुम्ही बोललात.”

“हो.”

“मी बोलू नका म्हटलं होतं.”

दादा आता परत फाटकावर आलेत, त्यांना इतकं हसू आलं की ते फाटकामागे गेले. मला नाही आलं.

जागा इस्त्रीवाल्या बाईंना मिळाली. सहा दिवसांपूर्वी गेल्या. जाताना रडत होत्या, किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती की हातावर तिचा ठसा उठला होता. गोळी पुन्हा पहिल्याइतकी केलीय आणि फेरी चालू ठेवलीय, तेवढं झालं. पुढची जागा कधी निघेल ते कोणालाच माहीत नाही. वर्ष, दोन वर्षं. तोवर रोज अर्धा तास गप्प राहण्याचा सराव करायचा, असं माझ्या कागदावर लिहिलंय.

मी तो करणार नाही, काका. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून आधीच सांगते. गप्प राहून मी तिथे गेले तर किल्ली असूनही जिन्याच्या खाली उभी राहीन. त्यापेक्षा इथून रोज बोलत जाईन, पाव घेईन, बोलत परत येईन. मग बाहेरून कडी लागेल. ताई जानेवारीत येतील, त्या भांडतील म्हणतात. भांडोत.

माझी खाट आता खिडकीजवळची आहे, इस्त्रीवाल्या बाईंची. इथून रस्ता दिसतो. संध्याकाळी सहाला डॉक्टर घरी जायला निघतात. पूर्वी तडक चालत सुटायचे. आता कडेला थांबतात. उजवीकडे बघतात, डावीकडे बघतात, आणि त्यांचे ओठ हलतात. रोज. मी पाच दिवस पाहिलं. ट्रक म्हणतात की सायकल, ते इतक्या लांबून कळत नाही.

फाटकावर पहारेकरी बसलेले असतात, वही उघडी असते. ते त्यांना सलाम करतात.

तुमची,
खारू